पावसात आत ओढलेली खोली

ऑल्डर कोव्हच्या ट्रेलर-पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, कोण कोणाकडे कॉफीला गेलं आणि किती वेळ बसलं, ही खबर समुद्रावरच्या धुक्याच्या आधी दारोदार पोचते. ऑर्विन लुंडगार्डबद्दल मात्र तिथे कुणाला काही बोलताच येत नसे, कारण त्याच्याकडे कुणी जातच नसे. जाणार तरी कसं? आत उभं राहायला जागा नव्हती.

तसा ट्रेलर ऐसपैस. भिंतीवरचं बटण दाबलं की सोफा-खिडकीसकट एक अख्खी खोली कपाटाच्या खणासारखी बाहेर सरके आणि घर मोठं होई. पण ऑर्विनची खोली बाहेर निघे ती फक्त उन्हात. ढग दिसला की याचा अंगठा बटणावर. आणि ओरेगनच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरपासून मेपर्यंत ढगांशिवाय दुसरं दिसतं काय? खोली आत आली की सोफा थेट सिंकला भिडायचा. उरलेल्या बोळातून ऑर्विन खेकड्यासारखा आडवा चालायचा, उभ्याउभ्या जेवायचा आणि मान वाकडी करून टीव्ही बघायचा. लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं करवतींना धार लावलेला माणूस हा. केसाएवढा फरक खपवून न घेणारा. घरात मात्र आठ महिने चेपून राहायचा.

हे खूळ सहा वर्षांपूर्वीचं. मुलगी मार्लिस थँक्सगिव्हिंगच्या सणाला राहायला आली होती. क्लबहाउसात टर्की खायला निघताना पाऊस लागला, म्हणून ऑर्विनने खोली जपून आत ओढून ठेवली. परत येऊन बाहेर काढतो तर सोफा चिंब, तिची उशी चिंब. मार्लिसने बॅग उचलली आणि ती मोटेलात गेली. त्यानंतर दोनदा आली, तीही हायवेवरच्या हॉटेलात भेटली, ॲपल-पाय खाल्ला आणि गेली.

तेव्हापासून ऑर्विनचं पावसाशी वैर. खोली बाहेर राहिली की पाणी सांध्यांतून शिरतं, ही त्याची ठाम समजूत. रबराच्या पट्ट्यांना तेल चोळून झालं, पावडर फासून झाली, सांध्यांत फटी बुजवायच्या सीलंटच्या नळ्या रिकाम्या करून झाल्या. तरी दर वेळी खोली आत घेतली की आतली कड ओलीच. "बघा, गळतेच," असं तो स्वतःलाच सांगे. दुसरं होतं कोण ऐकायला?

फेब्रुवारीत मार्लिसचा फोन आला. कामासाठी त्या बाजूला येणार होती, शनिवारी.

"बाबा, तुझ्याकडे झोपायला जागा आहे ना?"

"आहे की!" ऑर्विन म्हणाला. फोन ठेवला आणि सिंकला टेकलेल्या सोफ्याकडे बघत राहिला. बारा दिवस होते. या वेळी मुलगी राहायलाच हवी होती.

शेवटी नाक मुठीत धरून तो शेजारच्या लॉरेटा पिकेटकडे गेला. लॉरेटाने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती, त्यामुळे समोरचा माणूस कितीही म्हातारा असला तरी ती त्याच्याशी मागच्या बाकावर दंगा करणाऱ्या पोरासारखंच बोलायची.

"पाऊस आला की काय करतोस?"

"खोली आत ओढतो."

"छप्पर पुसून?"

"पावसात शिडीवर चढून छप्पर पुसू? मरायचंय का मला?"

लॉरेटाने कॉफीचा मग खाली ठेवला, नाहीतर सांडला असता. "अरे शहाण्या, त्या खोलीच्या डोक्यावर पाणी साचलेलं असतं. तू ती तशीच आत घेतोस. अंघोळ करून न पुसता गादीत शिरावं, तसं झालं हे!"

"म्हणजे पाऊस आत येत नव्हता?"

"तू आणत होतास. सहा वर्षं. तुझ्या स्वतःच्या अंगठ्याने."

ऑर्विनचे कान लाल झाले. "मग एवढं ठाऊक होतं तर बोलली का नाहीस, बाई?"

"दोनदा आले होते सांगायला. तुझ्या दारात उभं राहायला जागा नव्हती. तू फटीतून 'बोल' म्हणालास. मी असल्या फटीतून बोलत नाही."

ती रेनकोट चढवून आली. खोली बाहेर काढायला लावली. सारखी आत-बाहेर ओढून वरची रबराची पट्टी आत दुमडली होती, ती शिडीवर चढून बोटांनी उलगडली. त्या बाजूचा टेकू अर्धा इंच उतरवायला लावला, म्हणजे पाणी बाहेरच्या अंगाला पळेल. "आता बटणाला हात लावलास तर बोट मोडीन," म्हणाली आणि निघून गेली.

ऑर्विनने सांध्यालगत कागदी रुमाल पसरले. दहा दिवस पाऊस बदाबदा कोसळला. रुमाल कोरडे. आनंदाने उड्या माराव्यात की नाही? पण मोकळ्या जमिनीवरूनही तो आडवाच चालत होता. मधोमध चालायला त्याला कसंतरीच वाटे, दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं.

शनिवारी मार्लिस आली ती पावसातच. ऑर्विनने खिमा भाजून मीटलोफ केला होता, सोफा उलगडून पलंग केला होता, त्यावर नवी चादर. मार्लिसने येताच गादीवर तळहात दाबला. मग उशीवर.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

"दहा दिवस तपासलंय!"

जेवण झालं, हसणं झालं, पाच वाजले. मार्लिस गाडीची चावी शोधू लागली.

"कुठे निघालीस?"

"बाबा, मी मोटेलात खोली घेऊन ठेवलीये. त्या फोननंतर लगेचच." ती चादरीची कड उगाच सरळ करत होती. "तू 'आहे' म्हणालास ना, पण तू सहा वर्षांपूर्वीही 'आहे'च म्हणाला होतास. आता सामान तिथेच टाकून आलेय. पुढच्या खेपेला नक्की."

"बरं केलंस," ऑर्विन म्हणाला. "रस्ता निसरडा आहे, हळू जा."

साडेपाचला तिची गाडी फाटकातून बाहेर पडली. पार्कात तेव्हा सगळे मिळून नऊ जण होते, बाकीचे थंडी टाळायला ॲरिझोनाला गेलेले. त्या नऊ जणांतल्या आठांनी पडदा बाजूला करून गाडी जाताना पाहिली. त्यांत लॉरेटा पहिली.

सकाळी ती छत्री घेऊन त्याच्या पायरीशी आली.

"काय रे, मुलगी झोपली का नीट?"

"झोपली की," ऑर्विन म्हणाला. "गाढ. उजाडता उजाडता निघाली."

"उशी?"

"खडखडीत कोरडी."

"मग छान झालं," लॉरेटा म्हणाली. साऱ्या पार्काच्या खबरा जिभेवर घेऊन फिरणारी बाई ती, पण ही खबर तिने तिथेच गिळली.

ऑर्विनने दार सताड उघडलं. "ये ना आत. कॉफी केलीय. आता जागा आहे."

लॉरेटाने त्याच्या खांद्यावरून आत नजर टाकली. आत पाऊल ठेवलं असतं तर समोरच तो पलंग होता, घडीसुद्धा न मोडलेल्या नव्या चादरीचा, आणि मग दोघांनाही त्याच्याकडे बघत बसावं लागलं असतं.

"आज नको, माझे बूट ओले आहेत," ती म्हणाली. "उद्या येते. तोवर सोफा दुमडून ठेव."