भिंतीवरचं बटण

प्लगशेजारचं बटण चालू राहिलं तर नॅनला झोप लागत नसे. टोस्ट वर उडाला की बटण बंद. किटली उकळली की बंद. टीव्ही आधी रिमोटने बंद व्हायचा आणि मग भिंतीवरून पुन्हा. कोपऱ्यावरून दूध आणायला जायचं असलं तरी ती आधी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारायची. टक, टक, टक. ग्लेनिस लग्न होऊन ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या या लाकडी घरात आली, तेव्हापासून हा आवाज ऐकत होती.

नॅन म्हणजे तिची सासू, मर्ल. टॅमसिनचा जन्म झाला आणि त्या पोरीमागोमाग घरातले सगळेच मर्लला नॅन, म्हणजे आजी, म्हणू लागले, ग्लेनिससुद्धा. घर नॅनचं. फळ्यांच्या फटींतून जुलैचं, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्याचं वारं आत यायचं आणि सकाळी न्हाणीघरातला टॉवेल पापडासारखा कडक झालेला असायचा. बैठकीच्या खोलीत एक चांगला मोठा हीटर होता. तो फक्त पाहुण्यांसाठी लागायचा आणि पाहुणे नॅनला ओळखून असल्यामुळे जुलैत कुणी यायचं नाही.

थंडी वाजते असं कुणी म्हटलं की नॅनचं उत्तर ठरलेलं. "मग स्वेटर घाल की!"

स्वेटर तीच विणायची. प्रत्येकाला दर हिवाळ्यात एक. त्यात काही खोट नव्हती, टाका न् टाका सारखा. ग्लेनिस दिवसभर इस्पितळाच्या धुलाईघरात वाफेत उभी राहून चादरींच्या घड्या घालायची, घामाने निथळायची आणि घरी येऊन तोच घाम अंगावर गार होऊ नये म्हणून धावत स्वेटर चढवायची. इतकी वर्षं तिने त्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. घर सासूचं, नवरा लिंडसे ट्रक घेऊन आठवड्यातले चार दिवस ॲडलेडच्या रस्त्यावर. बोलायचं कुणाशी?

मग घरात टॉफी आली.

टॉफी म्हणजे टॅमसिनचा अजगर. तपकिरी, अंगभर गालिच्यासारखी नक्षी, मनगटाएवढी जाड. टॅमसिनने शाळेत असताना रीतसर परवाना काढून ती आणली. पुढे पोरगी नर्सिंग शिकायला पार केर्न्सला गेली, तिथे भाड्याच्या खोलीत साप चालत नव्हता, म्हणून टॉफी आईकडे, टॅमसिनच्या रिकाम्या खोलीत राहिली. पहिला महिनाभर ग्लेनिस त्या खोलीत भिंतीला चिकटून चालायची. टॅमसिन फोनवर हसायची.

"मम, ती तुला खाणार नाही गं. तू फक्त तिची ऊब सांभाळ. बाकी काही नाही."

"म्हणजे काय करायचं?"

"आपण जेवतो, त्यातून आपल्या अंगात ऊब तयार होते. तिच्या अंगात होत नाही. तिला ती बाहेरून घ्यावी लागते. पेटीचं एक टोक बत्तीस, दुसरं पंचवीस. ऊन हवंसं वाटलं की ती इकडे येईल, नको झालं की तिकडे जाईल. खाल्ल्यावर तर ऊब हवीच. नाहीतर पोटातला उंदीर जिरायच्या ऐवजी कुजतो."

एवढंच ते शास्त्र. काचेच्या दाराची लाकडी पेटी, एका टोकाला जाळीआडचा दिवा, दिवा आपोआप कमीजास्त करणारा थर्मोस्टॅट, दोन टोकांना दोन थर्मामीटर, दोन्हीकडे लपायला एकेक पोकळ ओंडका. ग्लेनिसला ते आधी समजलं, मग आवडलं. सकाळी चहाच्या आधी ती थर्मामीटर बघून यायची. संध्याकाळी कामावरून आली की पर्स खांद्यालाच आणि ही पेटीपुढे वाकलेली. टॉफी उबेच्या टोकाला सैल वेटोळं घालून पडलेली असली की ग्लेनिसच्या जिवाला बरं वाटायचं. पोरगी पांघरूण घेऊन नीट झोपलीय ना, हे दारातून डोकावून बघावं, तसंच.

नॅनला हे खपत नव्हतं. एक तर फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी गोठवलेले उंदीर. त्यात ते बटण. अख्ख्या घरात दिवसरात्र चालू असणारं एकमेव बटण.

"महाराणींचा ताप बघून झाला का?" ती विचारायची. "बत्तीस! माझं बाळंतपण झालं त्या खोलीत पाणी गोठायचं, आणि ह्या गांडुळाला बत्तीस!"

"नॅन, तिच्या अंगात ऊब नसते."

"लाड म्हणतात याला. उद्या म्हणशील तिला चप्पल हवी."

त्या जुलैत ग्लेनिसच्या बहिणीचं जिलाँगला हर्नियाचं ऑपरेशन होतं. शनिवार-रविवार जाणं भाग होतं. लिंडसे रस्त्यावर. टॉफीने गुरुवारीच उंदीर खाल्ला होता, तिच्या पोटाचा फुगवटा अजून दिसत होता. निघताना ग्लेनिसने नॅनला पेटीपुढे नेऊन उभं केलं.

"हिला खायला नको, पाणी नको, काही नको. फक्त या बटणाला हात लावू नकोस. लावणार नाहीस ना?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" नॅन म्हणाली. "जा तू. बहिणीला माझा नमस्कार सांग आणि स्वेटर घेऊन जा."

रविवारी दुपारी ग्लेनिस परतली, तर नॅन ओसरीतल्या उन्हात खुर्ची टाकून रेडिओवर फुटबॉलची मॅच ऐकत बसली होती. मोठ्या खुशीत होती.

"तुझं जनावर मजेत आहे बरं का. मी तिची व्यवस्था केलीय."

"कसली व्यवस्था?"

"जाऊन बघ की."

पेटी दिसतच नव्हती. तिच्यावर नॅनने स्वतः विणलेली लोकरीची रंगीबेरंगी गोधडी चारी बाजूंनी नीट दाबून बसवली होती, पाळण्यावर घालावी तशी. ग्लेनिसने ती ओढून काढली. आत अंधार. दिवा बंद. वेटोळ्याशेजारी विणलेल्या पिशवीतली गरम पाण्याची रबरी बाटली, तीही गारढोण. दोन्ही थर्मामीटर अकरा दाखवत होते. दार सरकवलं तसा कुजका भपकारा आला. अर्धवट जिरलेला उंदीर टॉफीने ओकून टाकला होता आणि ती त्याच्याच शेजारी निपचित पडली होती. ग्लेनिसने उचललं तर ओल्या दोरासारखी लोंबली. तोंडाच्या कडेला बुडबुडे होते. श्वास घेताना आतून बारीक आवाज येत होता, खर्रर, खर्रर.

"नॅन!"

नॅन दारात येऊन उभी राहिली. "काय झालं? तो तांबडा उजेड रात्रभर मला डोळ्यांत खुपत होता. रिकाम्या खोलीत दिवा कुणासाठी जाळायचा? पण मी काही तिला उघडी टाकली नाही हं. माझी चांगली गोधडी दिली. गरम पाण्याची बाटलीसुद्धा दिली, माझी स्वतःची."

"तुला सांगितलं होतं ना मी!"

"लोकरीपेक्षा ऊब कशात असते गं?"

ग्लेनिसने टॉफीला छातीशी धरलं. हीच ती गोष्ट, जी या घरात, या गल्लीत, या अख्ख्या गावात कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती. लोकर ऊब देत नाही. आत असलेली ऊब ती धरून ठेवते. आत नसेलच, तर लोकर गारठाच धरून ठेवते! स्वेटर घाल, स्वेटर घाल म्हणताना समोरच्याच्या अंगात तेवढी धग आहे का, हे एकदा तरी कुणी विचारलं होतं?

पण हे ती बोलली नाही. आधी पेटी धुतली, कोरडी केली, दिवा लावला आणि थर्मोस्टॅट एकदम चढवला नाही. हळूहळू वर आणायचं, हे टॅमसिनने सांगून ठेवलेलं होतं. मग लिंडसेला फोन लावला.

"मेली का?" त्याने विचारलं.

"नाही अजून."

"मग झालं. सोड ना, ग्लेन. आई म्हातारी आहे. तिचा हेतू चांगला होता."

"या घरात सगळ्यांचा हेतूच तेवढा गरम असतो," असं म्हणून ग्लेनिसने फोन ठेवला.

मग टॅमसिनला. ते सगळ्यांत अवघड होतं. टॅमसिनने सगळं ऐकून घेतलं.

"मम, फोन तिच्याजवळ धर."

ग्लेनिसने धरला. खर्रर. खर्रर.

"माझ्यासारखं वाजतंय," टॅमसिन म्हणाली.

ग्लेनिस तिथेच जमिनीवर बसली. दर जुलैत पोरीची छाती अशीच वाजायची. दर जुलैत डॉक्टर, औषधं, वाफारा. ती वाफाऱ्याचं पातेलं घेऊन पोरीच्या खोलीत जायची, आणि खोलीतला छोटा हीटर भिंतीवरून बंद केलेला असायचा. पोरीच्या अंगावर मात्र एकावर एक दोन स्वेटर. आणि ग्लेनिस तो हीटर गुपचूप पुन्हा लावायची, चोरी केल्यासारखी, पावलांचा आवाज आला की बंद करायची. स्वतःच्या मुलीसाठी!

सोमवारी तिने कामावर दांडी मारली आणि टॉफीला उशीच्या अभ्र्यात घालून, गाडीचा हीटर पूर्ण चालू ठेवून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या बाईने तक्रार ऐकली आणि ओठ दाबून हसली.

"सापाला सर्दी? मग मफलर नाही का आणलात?"

"तुझ्या खुर्चीखाली हीटर आहे ना?" ग्लेनिस म्हणाली. "तो बंद कर. उद्या संध्याकाळपर्यंत तशीच बस. मग हस."

रांगेतल्या कुत्रेवाल्यांनी माना खाली घातल्या. डॉक्टर मात्र हसला नाही. त्याने टॉफीचं तोंड उघडून पाहिलं, छातीला नळी लावली. फुप्फुसाला सूज होती. इंजेक्शनं लिहून दिली, ती घरीच टोचायची होती. काही आठवडे खायला द्यायचं नाही.

"वाचेल?" ग्लेनिसने विचारलं.

"औषध अर्धं काम करेल. उरलेलं उबेने होईल. रात्रीसुद्धा पारा उतरू देऊ नका. एकदा जरी परत गारठली, तर मी काही सांगू शकत नाही."

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर नॅन फेरीला निघाली. टोस्टर, टक. किटली, टक. टॉफीच्या खोलीशी आली, तर दारात ग्लेनिस उभी.

"इथे नाही," ग्लेनिस म्हणाली.

"मी नुसती बघायला आले."

"बघायलाही नको."

"माझ्या घरात मला अडवतेस?"

"हो. तुझ्याच घरात. टॅमची छाती वाजायची, आठवतं?"

"सगळ्याच पोरांची वाजते. मीही खोकतच वाढले."

"म्हणून माझ्या पोरीनेही खोकायचं? आणि या मुक्या जनावराने पण? टॉफी डॉक्टरांकडे जाऊन सांगू शकत होती का, की ही बाई मला गोधडीत घालून गोठवतेय? तुझा स्वेटर चांगला आहे, नॅन. स्वेटर म्हणजे हीटर नव्हे!"

एवढं बोलून ती तिथे थांबली नाही. तरातरा बैठकीच्या खोलीत गेली, पाहुण्यांच्या हीटरवरचं झाकण काढून फेकलं, प्लग लावला, भिंतीवरचं बटण दाबलं आणि हीटरचा काटा शेवटपर्यंत फिरवला. जळक्या धुळीचा वास सुटला. मग अंगातला निळा स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि नुसत्या ब्लाउजवर कोचावर बसली.

नॅन उंबऱ्यातच उभी होती. "मला नाही थंडी वाजत."

"तुला विचारलंच नाही मी."

त्यानंतर हीटर रोज संध्याकाळी लागू लागला. नॅन आपल्या स्वयंपाकघरात बसायची, हट्टाने, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. ग्लेनिस तिला बोलवायला गेली नाही. ती इंजेक्शनं टोचत होती आणि थर्मामीटर बघत होती. रात्री उठून पेटीला कान लावत होती. आवाज बारीक होत गेला. मग एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर टॉफी गार टोकाच्या ओंडक्यातून निघून आपली आपण दिव्याखाली जाऊन पसरली होती. तोंड कोरडं. जीभ काचेवर चाचपत होती. श्वासाचा आवाज ऐकूच येत नव्हता.

तिने टॅमसिनला फोन लावला, पेटीजवळ धरला. "ऐक."

"काही नाही ऐकू येत."

"तेच!"

पलीकडे पोरगी रडत होती की हसत होती, कळेना. ग्लेनिस तशीच फोन घेऊन बैठकीत आली. हीटर तिने आज अजून लावला नव्हता, पण तो लागलेला होता. नॅन खुर्ची पार त्याच्यासमोर ओढून बसली होती. कार्डिगनची बटणं उघडी, सुजलेली बोटं पसरून धगीपुढे धरलेली, डोळे मिटलेले. चाहूल लागताच तिने हात मांडीवर घेतले.

"चष्मा शोधत होते," ती म्हणाली.

"कधीपासून थंडी वाजतेय तुला, नॅन?"

नॅन हीटरकडेच बघत राहिली. "लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून," ती शेवटी म्हणाली. "सासूबाई म्हणायच्या, स्वेटर घाल."

ग्लेनिसला तिची कीव यायला हवी होती. आला तो संतापच, आधीच्या सगळ्या संतापाहून मोठा.

"मग बोलायचंस ना, बाई!" ती ओरडली. "इतकी वर्षं! आपण तिघीही गारठत होतो की गं या घरात!"

 नॅनने हात पुन्हा हीटरपुढे धरले.