डावीकडची जागा

गाडीत बसण्याआधी मॅडम मागचं दार उघडायच्या. कुणी आत चढत असावं तशा क्षणभर बाजूला उभ्या राहायच्या. मग दार हलकेच लावून म्हणायच्या, "बसलेत. चला."

कर्वेनगरात सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी त्यांना नक्की पाहिलं असेल. टपावर ड्रायव्हिंग स्कूलचा पिवळा फलक, काचेवर लाल रंगात मोठा 'एल', आणि शेजारी सुती साडी नेसलेल्या, पायात कापडी बूट घातलेल्या बाई. पहिल्या दिवशी मी मागं वळून पाहिलं. सीट रिकामी होती.

"कोण बसलंय, मॅडम?"

"प्रभू येशू. तुम्ही समोर बघा. मागचं ते बघतील."

मी शेवगावची. आमच्या घरातली पहिली पदवीधर. बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागली होती, गावोगाव फिरायचं होतं, म्हणून गाडी यायलाच हवी होती. आम्हीही ख्रिस्तीच. पण आमच्याकडे प्रभूची गाठ पडायची ती रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नाहीतर घरात कुणी आजारी पडलं की. रिव्हर्स घेतानाही त्याला बरोबर घ्यायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय प्रार्थनेत आम्ही त्याला 'तू' म्हणतो. मॅडम मात्र अहो-जाहो करायच्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "रोज तुमच्यासारख्यांच्या गाडीत बसतात. एवढं धाडस दुसरं कोण करतं? मान नको द्यायला?"

शिकवताना त्यांची जीभ अस्सल पुणेरी चालायची. "अहो, क्लच आहे तो, झुरळ नाही." "त्या रिक्षाच्या मागं कशाला लागलात? भाडं ठरलंय का तुमचं?" हॉर्नला तर हात लावू द्यायच्या नाहीत. "कशाला? समोरच्याला डोळे दिलेत देवानं."

एकदा भर चौकात गाडी बंद पडली. मागं सगळं पुणे कोकलत होतं आणि मला रडू फुटलं. मॅडमनी घड्याळाकडे पाहावं तितक्या शांतपणे माझ्याकडे पाहिलं. शिकवणाऱ्याच्या बाजूला, डावीकडे, एक जादा ब्रेक असतो. त्यावर बुटानं टकटक करून म्हणाल्या, "ब्रेक माझ्याकडे आहे. तुम्ही गाडी चालवा."

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल! ते ऐकलं की मी पुन्हा किल्ली फिरवायची.

एक मोटारसायकलवाला आम्हाला घासून गेला आणि वर शिवीही देऊन गेला. मॅडमनी काच खाली केली, तोंड उघडलं, आरशात पाहिलं आणि काच वर घेतली. "चांगलं उत्तर सुचलं होतं," त्या हळहळल्या. "पण मागं हे बसलेत." दोन मिनिटांनी तोच पठ्ठ्या सिग्नलला आमच्या शेजारी येऊन थांबला. या वेळी मॅडमनी काच खाली करून सांगितलं, "स्टँड वर घ्या हो, पडाल." त्यानं खाली पाहिलं आणि ओशाळून स्टँड वर घेतला.

ड्रायव्हिंग स्कूल मुळात त्यांच्या यजमानांचं. जुन्या कात्रज घाटातल्या एका वळणावर ट्रकनं धडक दिली आणि ते गेले. त्यानंतर मॅडम गाडी शिकल्या आणि शिकवूही लागल्या. अर्धं कर्वेनगर त्यांच्या हाताखालून गेलं, पण त्या स्वतः गाडी घेऊन कधी घाट चढल्या नाहीत. मुलगी भोरला दिलेली. तिच्याकडे जायचं तर एसटीनं, आणि कात्रज सुटलं की डोळे मिटून. "कंडक्टरला वाटतं, म्हातारीला डुलकी लागली," असं हसत सांगायच्या. त्या हसण्यात मी कधी सामील होऊ शकले नाही.

एका सकाळी माझा तास चालू असताना मुलीच्या सासूबाईंचा फोन आला. दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या होत्या, बाळाचे ठोके मंदावले होते, ऑपरेशन करायचं ठरलं होतं, भूल देणारे डॉक्टर यायचे होते. जावई दूर नोकरीवर. "सारखी 'आई कुठंय' म्हणतेय," सासूबाई सांगत होत्या.

हायवेवर नव्या बोगद्याजवळ कंटेनर आडवा झाला होता. एसटी अडकलेल्या. मी मोबाइलवर भाड्याची गाडी शोधत राहिले, एकही मिळेना. उरला जुना घाट.

मॅडम उतरल्या, मला डावीकडे सरकवलं आणि स्टिअरिंग हातात घेतलं. कात्रजपर्यंत ठीक होतं. चढ समोर दिसला तशी त्यांनी गाडी कडेला घेतली. बोटं स्टिअरिंगवर आवळलेली, ओठ पांढरे.

"मला नाही जमणार गं," त्या म्हणाल्या. मला त्यांनी एकेरी हाक मारली ती तेव्हाच.

मला सुचलं ते त्यांचंच होतं. "मॅडम, ब्रेक कुणाकडे आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली उतरून वळसा घालून माझ्या बाजूला आल्या, दार उघडलं. "तू मागं बस."

मी मागं गेले. मॅडम ते उघडं दार धरून उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं तुम्हाला मागं बसवलं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि ब्रेक माझ्याच पायाखाली ठेवला. आता इथं बसा."

दार लागलं.

"मॅडम, तो एल काढू का? ट्रकवाले हसतील."

"राहू दे. आज तो खरा आहे."

आम्ही निघालो. एका वळणाला त्यांचा श्वास अडकला. तेच वळण असणार. वरून ट्रक येत होता. मॅडमनी गिअर बदलला, डावीकडच्या रिकाम्या सीटकडे न पाहता म्हणाल्या, "ब्रेक तुमच्याकडे आहे. मी गाडी चालवते." ट्रक शेजारून निघून गेला. घाटमाथ्यावरचा जुना बोगदा आला, अंधार झाला, आणि पलीकडे लख्ख ऊन. मॅडम मोठमोठ्यानं गाऊ लागल्या. सूर कुठल्या कुठं, पण आमच्या देवळातल्या कुठल्याच रविवारी मला इतकं खरं गाणं ऐकू आलं नव्हतं. मीही गायले.

भोरच्या दवाखान्यात मुलीला स्ट्रेचरवरून आत नेत होते.

"आई! कशी आलीस?"

"गाडीनं. चालवत."

"पण हायवे तर बंद..."

"घाटानं."

मुलगी बघतच राहिली. "एकटी?"

"छे गं," मॅडम म्हणाल्या आणि तिचा हात दारापर्यंत सोडला नाही.

नात झाली. इवलीशी, पण रडणं दणदणीत.

त्याच वर्षी मॅडम कायमच्या भोरला गेल्या. तिकडच्या बायकांना गाडी शिकवायची म्हणाल्या. निरोपाला आम्ही शिष्यमंडळी जमलो होतो. मागची सीट सामानानं भरून गेली, तेव्हा कुणीतरी कुंडी पुढच्या सीटवर ठेवायला गेलं.

"तिथं नको," मॅडम म्हणाल्या, "ती जागा भरलेली आहे." कुंडी मागं गाठोड्यांवर गेली.

मग गाडी सुटली आणि आम्हाला कधी हात लावू न दिलेला हॉर्न वाजला. समोर चिटपाखरू नव्हतं. तरी कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यानंतरही, कात्रजच्या दिशेनं, मॅडम हॉर्न वाजवत गेल्या.