सनोबरने मान हलवली

सिर नदीच्या काठच्या त्या गावात रेशमाची गिरणी निघाली, तेव्हा पहिल्या भरतीत लागलेल्या पोरींपैकी सनोबर एक. माग-खात्यात शेकडो धोटे एकदमच आदळायचे. तिथे घसा फोडून काही उपयोग नसे, म्हणून बायका नुसते ओठ हलवून बोलत. कोणाची सासू काय बोलली, कोणाला दिवस गेले, सगळं ओठांवर. सनोबर तर चार माग पलीकडची चेष्टा वाचून खुदकन हसायची. कानात घालायला कापूस मिळे, पण तो घातला की मागाचा बदललेला सूर कळत नाही म्हणून ती काढून टाकी.

चाळिशी उलटली आणि कानात शिट्टी सुरू झाली. आधी गिरणीतली पाळी सुटल्यावर घटकाभर, मग झोपेपर्यंत, मग कायमचीच. नवरा होलमत ट्रक चालवायचा. एकदा तिने त्याला विचारलं, "तुम्हाला काही वाजतंय का हो?"

"तुझ्या डोक्यात उंदीर शिरलेत," तो हसत म्हणाला. तिने पुन्हा विषय काढला नाही.

मग पाखरं ऐकू येईनाशी झाली. पोरींचे बारीक आवाज गेले. गल्लीत कोणी मागून सलाम केला तर ती तशीच पुढे जायची. "सनोबरला गर्व चढलाय," असं लोक म्हणू लागले. तिने म्हणू दिलं. गर्विष्ठ म्हटलेलं परवडतं, बहिरी म्हटलं की माग जातो, आणि घरात दोन मुली लग्नाच्या.

थोरली निगोरा लेनिनाबादला नर्सिंग शिकत होती, रविवारी घरी यायची. शिक्षण पुरं झाल्याशिवाय लग्नाचं नाव काढायचं नाही, असं मायलेकींचं ठरलेलं.

अशात एका दुपारी पलीकडच्या मोहल्ल्यातली म्हातारी साओदत खोला, सगळ्यांची मावशी, दोन बायकांना घेऊन आली. नातवासाठी निगोराला मागणी घालायची होती. तिने आणलेले नान जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवले. सनोबरने मनाशी उत्तर घोळवून ठेवलं होतं: खोला, वर्षभर थांबा. पण खोलाचे पुढचे दात पडलेले, बोलताना ती ओढणीचं टोक तोंडावर धरायची. ओठच दिसेनात. सनोबरच्या कानात शिट्टी, आणि शिट्टीमागे नुसती घुंई घुंई.

ती हसली. चहा ओतला. खोला थांबली की मान हलवली. पुन्हा थांबली, पुन्हा हलवली. जुनी सवय होती तिची. अशानेच इतकी वर्षं निभावली होती.

आणि खोलाने नान उचलून दोन तुकडे केले.

नान मोडला म्हणजे होकार झाला. तिघींनी दुवेसाठी हात वर केले. तेव्हा कुठे सनोबरला कळलं. एक शब्द बोलली असती, "मला ऐकू आलं नाही," तर तिथेच निस्तरलं असतं. तोंड उघडलंही तिने. पण बाहेर पडलं ते "आमीन".

रविवारी निगोरा घरात पाऊल टाकते न टाकते तोच शेजारणीने तिचं अभिनंदन केलं. पोर तणतणत आईपुढे आली.

"ओया, तू हो म्हणालीस? पोरीला मान्य आहे का असं खोलाने विचारलं, तर तू मान डोलावलीस म्हणे! मला विकलंस की काय?"

"मला ऐकूच येत नाही गं," सनोबर म्हणाली.

"आता ही नवी सबब!"

सनोबर भिंतीकडे तोंड करून बसली. निगोराने मागून तांब्याचं ताट जमिनीवर आपटलं. आई दचकली, पण जमिनीच्या हादऱ्याने. मग निगोरा हळूच म्हणाली, "ओया." मग मोठ्याने. मग ओरडून. आई वळली नाही. पोर मटकन खाली बसली.

रात्री होलमत हात जोडून म्हणाला, "गप्प राहा. बहिरेपण बाहेर कळलं तर धाकटीलाही कोणी विचारणार नाही."

सनोबर दुसऱ्याच दिवशी खोलाच्या दारात उभी राहिली. "खोला, तोंडावरची ओढणी काढा. ओठ दिसले नाहीत तर मला काही कळत नाही. त्या दिवशीही कळलं नव्हतं. माझी पोर राजी नाही."

खोलाने ओढणी काढली आणि सावकाश, एकेक शब्द दिसेल असं बोलली, "पगार मोजून घेताना बरं ऐकू येतं? अल्लाने वाचवलं आम्हाला. बहिरीच्या पोटची पोर आणून बहिरी नातवंडं पोसायची होती का?"

"हे गिरणीचं आहे हो, रक्तातलं नाही!"

पण खोलाने दार लावून घेतलं होतं.

निगोरा सुटली. पण आठवड्याभरात गावभर झालं. होलमत घरात सनोबरकडे पाठ करूनच बोलू लागला, म्हणजे बोलेनासाच झाला. गिरणीने तिला लेनिनाबादच्या कानाच्या डॉक्टरकडे धाडलं. त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: गेलेलं परत येत नाही, शिट्टीवर औषध नाही, उरलेलं जपा.

तिला घडी-खात्यात बसवलं. तिथे बायका गालिच्यावर बसून रेशमाच्या घड्या घालत. शांत खोली. आणि त्या शांततेत शिट्टी अशी चढली की सनोबरला कपाळ भिंतीवर आपटावंसं वाटे. मागांच्या आवाजात निदान ती बुडायची तरी.

जेवणाच्या सुट्टीत ती माग-खात्याच्या दाराशी जाऊन उभी राहू लागली. धोटे आदळायचे, जमीन थरथरायची, डोकं निवायचं. जुनी मैत्रीण हुर्माताने तिला पाहिलं आणि दंड धरला. ओठ म्हणाले, "वेडे, डॉक्टरने काय सांगितलं? उरलंय तेही घालवशील!"

"जाऊ दे," सनोबरचे ओठ म्हणाले. "पण ही शिट्टी झाकली जाऊ दे, हुर्माता. थोडा वेळ."

हुर्माताने दंड सोडला. घंटा होईपर्यंत तिला तिथे उभं राहू दिलं, आणि मग दार ओढून घेतलं.