सुपेल्याच्या हॉटेलातला धुतलेला गिलास

सुपेल्याच्या नाक्यावरून दुर्गच्या दिशेनं थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला ते हॉटेल होतं. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, तीन बाकं आणि कोळशाची शेगडी. पाटी नव्हती. भिलाईच्या पोलाद प्लांटची पहिली भट्टी अजून पेटायची होती. चहूकडे मुरूम खोदला जात होता, लोखंडी खांब उभे राहत होते, सेक्टरांमध्ये क्वार्टरांच्या ओळी चढत होत्या. हॉटेल या सगळ्याच्या आधीचं होतं. गावातली म्हातारी माणसं सकाळी येऊन बसत आणि एका चहावर दुपार करत. मालक त्यांना उठवत नसे. तिथे घाई करणं हाच काय तो गैरप्रकार समजला जाई.

मालक साठीचे, गोंदियाकडचे. रेल्वेच्या उपाहारगृहात बेअरा म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणत. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर घडी केलेलं फडकं. चहा ते स्वतः बाकापर्यंत आणून देत. गिलास काठापासून बोटभर रिकामा असे, त्यामुळे धरताना हात भाजत नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. चहा पिणाऱ्याला आपोआप कळे. त्या काळी भिलाईत नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न गावाचा असे आणि दुसरा, आडवळणानं, जातीचा. काका एवढंच विचारत, ‘साखर किती?’

मी तेव्हा एका ठेकेदाराकडे टायपिस्ट होतो आणि मामाबरोबर एका झोपडीत राहत होतो. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. भंडाऱ्याकडचा, त्याच ठेकेदाराकडे फिटरचा मदतनीस. तीन आठवड्यांनी त्याची ट्रेड टेस्ट होती. पास झाला तर प्लांटमध्ये कायम नोकरी, आणि मामी व दोन मुलींना गावाहून आणता येणार होतं. त्याचा हात उत्तम होता. ड्रॉइंग मात्र वाचता येत नव्हतं.

ते शिकण्याची जागा एकच होती. नागपूरच्या रेल्वे वर्कशॉपमधून आलेले एक जुने फिटर, सगळ्यांचे उस्ताद, रोज संध्याकाळी हॉटेलच्या पत्र्याच्या दारावर खडूनं नकाशे काढून पोरांना समजावत. काका दार उघडंच ठेवत, पण उस्ताद आले की फळ्यासाठी लावून घेत.

पहिल्या दिवशी मामा शेवटच्या बाकाच्या टोकाला बसला. शिकवणं संपलं, चहा संपला. मामा उठला, रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं, गिलास विसळला आणि बाहेर ओट्यावर वेगळा पालथा घातला. आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात असावं असं मला वाटलं नाही. आमच्या गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर खुंटीला असत. पिऊन झालं की आपणच धुवायचा, आपणच टांगायचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून मामानं तिथला चहा सोडला होता. हाताची सवय मात्र सुटली नव्हती.

काका शेगडीपासून वळले. ‘ओ भाऊ! रांजणाले हात कावून लावला?’

मामा पायात चपला सरकवून चालू लागला. मी धावत त्याला गाठलं.

‘ऐकलं ना? इथंही तेच,’ तो म्हणाला.

चार दिवस तो हॉटेलात गेला नाही. मी एकटा जाऊन दारावरचे नकाशे कागदावर उतरवून आणू लागलो. वरून दिसणारं आणि बाजूनं दिसणारं यातला फरक मलाच कळत नव्हता. मामानं कागद कंदिलासमोर धरला.

‘हे काय काढलं बे? हा बोल्ट हाय का वांगं?’

पाचव्या दिवशी मी काकांना सरळ विचारलं, मामानं रांजणाला हात लावला तर काय बिघडलं?

‘तो तुमचा मामा? मले वाटलं, माझा चहा आवडला नाही म्हून येत नाही.’ मग म्हणाले, ‘बाबू, रेल्वेत गिऱ्हाइकानं भांडं उचललं तरी साहेब आमाले विचारे, मंग तू कायले हाय? अन् इथं पाहुणा गिलास धुवून राहिला, मी उभा राहून पाहून राहिलो. लाज मले वाटली.’

मी त्यांना गावच्या खुंटीचं सांगितलं. त्यांनी फडकं उलगडलं, पुन्हा घडी घातली.

‘ये म्हणा त्याले. माफीबिफी मले मागता येत नाही. चहा देतो.’

मामाला हे पटलं नाही. ‘कोणी गोड बोललं की तू भुलतो,’ तो म्हणाला. पण टेस्ट जवळ आली होती. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर निघाला.

त्यानं चहा प्यायला आणि गिलास बाकावर ठेवला. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले. एरवी रिकामा गिलास काका लगेच उचलत. त्या दिवशी शेगडीशी गर्दी होती. मामाची नजर गिलासावरून हलत नव्हती. शेवटी काका आले. कुणाकडे न पाहता त्यांनी चार रिकाम्या गिलासांत चार बोटं घातली, मामाचा, उस्तादांचा, आणखी दोघांचे, आणि एका मुठीत उचलून सगळे एकाच बादलीत बुडवले.

‘साखर बरोबर होती का, भाऊ?’

‘कमी होती,’ मामा म्हणाला.

‘मंग बोलायचं ना! मुकाट्यानं पिऊन राहिले.’

उस्ताद दारावर खांबाखालची बेसप्लेट काढत होते. अशा प्लेटा मामा रोज हातानं बसवत असे; पाहता पाहता तो उभा राहिला.

‘उस्ताद, थांबा. वरून पाहिलं त बोल्ट चार. बाजूनं दोनच दिसतीन, मांगचे दोन झाकून जातीन. तुमी बाजूनंही चार काढले.’

उस्तादांनी दाराकडे पाहिलं, मग मामाकडे. ‘वा रे वा! पाच दिवस गायब, अन् आला त मलेच शिकवते!’

सगळे हसले. उस्तादांनी शिकाऊ माणसाची परीक्षा घ्यायला मुद्दाम चूक केली होती, असं पुढे काही जण सांगत. मी तिथे होतो. चूक खरी होती. मामानं त्यांच्या हातातून खडू घेतला, दोन बोल्ट तळव्यानं पुसले आणि बाकीची आकृतीही आपणच पुरी केली. एरवी तो चारचौघांत फार बोलत नसे. त्या संध्याकाळी त्याला थांबवावं लागलं.

टेस्टमध्ये तो पास झाला. पुढच्या महिन्यात मामी आणि दोन्ही मुली पॅसेंजरनं दुर्गला उतरल्या. क्वार्टर हाती यायला अवकाश होता. तोपर्यंत ते चौघे हॉटेलच्या मागच्या खोलीत राहिले. ती काकांनीच रिकामी करून दिली होती.