जिलेबीखाली गेलेली मिरवणूक

आमच्या घरात कॅमेरा माझ्याकडं असतो. फोटो चांगले काढतो म्हणून नव्हे, तर कॅमेरा मी घेतलाय आणि दुसऱ्याच्या हातात देत नाही म्हणून. माझ्या फोटोंत निम्म्या नातेवाइकांना डोकी नाहीत आणि उरलेल्यांचे डोळे मिटलेले आहेत. तरीही धाकटा भाऊ फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन पलूसजवळच्या आमच्या गावी यायचा होता, तेव्हा मिरवणुकीचं शूटिंग मीच करणार, हे मी साताऱ्याहून निघतानाच जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं.

आमच्याकडं फौजी निवृत्त झाला की गाव त्याला उघड्या जीपमधून मिरवतं. फेटा, गुलाल, हलगी. आणि इतक्या वर्षांत ज्यांनी त्याच्या घरी डोकावून पाहिलं नाही असे चार पुढारी जीपमध्ये त्याच्याही पुढं उभे. जीप दारात आली. भाऊ उतरला. भावजय ओवाळायला पुढं झाली, त्यानं मान खाली घातली, डोळ्यांत गुलाल गेलेला. आणि नेमकं तेव्हाच उंबऱ्यापाशी उभ्या असलेल्या आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला सॅल्यूट ठोकला.

आबा स्वतः जुने फौजी. पोरांचं कौतुक करणं त्यांच्या नियमात बसत नाही. भावानं सुभेदार झाल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, "बरं. पाऊस हाय का तिकडं?" त्यामुळं हा सॅल्यूट म्हणजे बातमी होती. ती सगळ्या गल्लीनं पाहिली, ज्याच्यासाठी होती तो सोडून.

भावाच्या कानावर आलं तसा तो आबांकडं गेला.

"आबा, तुमी मला सॅल्यूट केला म्हणत्यात. व्हय का?"

"कुटं? उनात डोळ्यावर हात धरला व्हता."

भाऊ माझ्याकडं आला. "दादा, तुझ्या क्यामेऱ्यात असंल की रं."

"असंल म्हंजे? हाय! पंगत उठू दे, दावतो."

पंगत बसली. मी कॅमेरा उचलला, तर कार्ड भरलेलं. पडद्यावर काहीबाही इंग्रजी आलं आणि खाली 'ओके'. मी पंचवीस वर्षं सरकारी कारकुनी केलीय. समोर आलेल्या कागदावर न वाचता सही केली की काम पुढं सरकतं, हा माझा अनुभव. मी ओके दाबलं. काम पुढं सरकलं. कार्ड मोकळं झालं.

कसं मोकळं झालं, हे कळायला मला दोन वाढपं लागली. कळल्यावर शहाण्या माणसानं कॅमेरा खाली ठेवला असता. मी मात्र नुकसान भरून काढायला लागलो. जिलेबीचे फोटो, भाताचे फोटो, गुलाल पुसलेल्या माणसांना "जरा परत लावून घ्या की" म्हणून काढलेले फोटो.

रात्रीपर्यंत लपवलं, मग सांगितलं. भाऊ उठून कानातला गुलाल धुवायला गेला. बोलायचं काम माझ्या बायकोनं केलं.

"आवं, घरात कालवणाला मीठ किती घालायचं ते सांगता की, मग एवडं एक बटन वाचता येऊ नये?"

भावजयीनं उपाय काढला. तिचा फोन पाण्यात पडला होता तेव्हा तांदळात ठेवून बरा झाला होता. कार्डाला पाणी लागलेलं नव्हतं. पण माझी बाजू इतकी पडली होती की मी ते मुकाट्यानं तांदळाच्या डब्यात खोचलं. सकाळी ते सापडेना. सबंध डबा सुपात ओतून सुभेदार साहेब आणि मी तांदूळ निवडत बसलो. आबा समोर खुर्चीवर पेपर वाचत होते. पान उलटत नव्हते.

कार्ड मिळाल्यावर आम्ही दोघं मलकापूरला गेलो. हायवेलगत एक जण कार्डातलं गेलेलं परत काढून देतो, असं कळलं होतं. दुकानदार घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांच्या घरातला. डोळ्याचं भिंग त्यानं अजून गळ्यात ठेवलं होतं.

"पुसलं म्हंजे लगेच जात न्हाई," तो म्हणाला. "हजेरीपटातनं नावं काढली, पर पोरं वर्गात बसलेलीच हायत. नवी पोरं आणून त्येंच्या जागंवर बसवली, की जुनी उठत्यात. पुसल्यावर फोटो काढलं न्हाईसा न्हवं?"

"थोडे."

"किती?"

"एकशे ब्याऐंशी," भाऊ म्हणाला.

दुकानदारानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी ऑफिसात अर्ज चुकवलेल्या माणसाकडं पाहतो.

तासाभरानं पडद्यावर एकेक उगवायला लागलं. जीप नाही, फेटा नाही, त्यावर जिलेबी बसली होती. पुढाऱ्यांचे मात्र सात फोटो शाबूत. ती माणसं कशातूनही वर येतात. मग काही व्हिडिओ निघाले, आणि त्यांत नुसती जमीन. माझे बूट, माझ्या पोटाची कड, माती, गुलाल.

"ह्ये काय काढलंय?" दुकानदारानं विचारलं.

मला कळलं. सबंध मिरवणूकभर मी बटण उलटं दाबत होतो. शूटिंग करतोय असं वाटायचं तेव्हा ते बंद, आणि कॅमेरा गळ्यात लोंबता सोडला की चालू. म्हणजे जिलेबी नसती तरी सॅल्यूट त्या कार्डात नव्हताच. मी ओके दाबून जे घालवलं, ते मुळात मिळवलंच नव्हतं.

"चल," मी भावाला म्हणालो.

"थांब की."

पडद्यावर आमचा उंबरा होता. ओवाळणी बघायच्या नादात मी कॅमेरा गळ्यात सोडला होता. भावजयीचा आवाज, "जरा मान खाली घ्या." आणि कडेला दोन पाय, अंगठा तुटून पुन्हा शिवलेली चप्पल. आबांचे. पाय फाकलेले होते. हातातली काठी खाली पडल्याचा आवाज आला. मग दोन्ही टाचा सरकल्या आणि एकमेकींना भिडल्या.

भावानं ते चार वेळा लावायला सांगितलं.

"सावधान," तो म्हणाला. "उनात डोळ्यावर हात धरायला टाचा कशाला जुळवाव्या लागत्यात, दादा?"

मी साताऱ्याला न जाता त्याच्याबरोबर गावी परतलो. दुकानातनं तो व्हिडिओ त्यानं फोनात घेतला होता. फोन आबांच्या पुढं धरला. त्यांनी चष्मा लावला.

"कुणी काढलंय?"

"दादानं."

"तरीच. माणसाला तोंड न्हाई."

मग त्यांनी फोन हातात घेतला आणि जवळ नेला.

"डावा पंजा लय भायेर गेलाय," ते म्हणाले.

"गुडघा दुखतोय न्हवं तुमचा," भाऊ म्हणाला.

"व्हय. न्हाईतर असा जात न्हाई." आणि फोन त्याच्याकडं न देता म्हणाले, "परत लाव बगू."