एक टॅब, एक पिढी

वडूजच्या मुबारकभाईंनी मला ओळीच्या आधीची मोकळी जागा वाचायला शिकवली. हे आधी लिहितो. ते गेले, हे त्यानंतर... ते लिहायला अजून हात धजत नाही.

आठवीतून शाळा सोडून मी तमिळनाडूत गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या भट्टीवर आलो. वडील वारले तेव्हा वारस नोंदीसाठी गावी गेलो, तर कचेरीत वंशावळ मागितली. समोरच मुबारकभाईंचं टायपिंगचं दुकान होतं. बाकीचे माउसनं चौकोन काढत बसायचे, भाई नुसती नावं टाइप करायचे. आजोबा कडेला, त्यांची मुलं टॅबची कळ एकदा दाबून आत, नातवंडं दोनदा दाबून. मग एका ओळीची कमांड दिली की त्या यादीचं फांद्याफांद्यांचं झाड पडद्यावर उभं राहायचं.

"भनींची नावं सांग," ते म्हणाले.

"त्यांची लग्नं झालीत, भाई."

"लग्नात काय बाप बदलतो व्हय रं?"

यादी बघताना मला दिसलं, एक टॅब कमी पडल्यामुळं चुलते थेट आजोबांच्या बरोबरीला बसले होते. सांगितलं, तर भाई चष्म्यावरनं बघत राहिले. "शाळा किती?"

"आठवी."

"तरीच! शिकल्यालं लोक अक्षरं बघत्यात. मोकळी जागा कोन बघतंय?"

त्यांनी माझ्या फोनमध्ये तोच प्रोग्रॅम घालून दिला. मी भट्टीवर परतल्यावर ते लोकांच्या हस्ताक्षरातल्या याद्यांचे फोटो पाठवायचे आणि मी जेवणाच्या सुट्टीत झाडं करून द्यायचो. मी लिहिलेलं काही कचेरीत लागतंय, हे शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं. प्रत्येक झाड मी तीनतीनदा तपासायचो. चुकायची भीती जन्माचीच. भाईंचा नियम एकच होता, "गेलेल्या माणसाच्या नावाम्होरं मयत लिही, पर त्याची ओळ पुसू नगंस. ओळ गेली की त्याची पोरं वरच्या भावाखाली जात्यात. यंत्राला काय ठावं, बाप कोन ते?"

या वर्षी त्यांचा आवाज बारीक होत गेला. विचारलं की "खोकला हाय," एवढंच. निरोप आखूड झाले. मग एका दुपारी त्यांच्या स्वतःच्या घराची यादी आली, त्यांनीच टाइप केलेली. वर वडील, खाली थोरले भाऊ गफूर, मग 'मुबारक, मयत', आणि त्यांच्याखाली शमा, नाझनीन या दोघी मुली. भट्टीसमोरनं बाजूला झालो. लगेच फोन लावला.

"भाई, तुमच्या नावापुढं चुकून मयत पडलंय."

पलीकडनं हसल्यासारखा आवाज आला. "आसू दे की. तुझं म्होरचं काम वाचलं."

"आवं, असलं अभद्र बोलू नका!"

मालक हाक मारत होते. घाईघाईनं तो शब्द खोडला, झाड केलं, न तपासता पाठवलं. उत्तर आलं, "परत एकदा बघ." मी लिहिलं, "उद्या बघतो."

उद्या झाला, परवा झाला. चौथ्या दिवशी शमाचा फोन आला. "भैया, अब्बा गेले."

तेव्हा ते झाड उघडलं. शब्दाबरोबर माझ्या बोटानं सगळी ओळच पुसली होती. मुबारकभाई झाडात कुठंच नव्हते. दोन्ही मुली गफूरचाचांच्या फांदीला लटकत होत्या. माणूस जिवंत होता, तेव्हाच मी त्याला त्याच्या घरातनं काढलं होतं... आणि त्यांनी ते बघितलं होतं.

परवा, भाईंचा चाळिसावा दिवस झाल्यावर, शमानं वारस नोंदीसाठी वंशावळ मागितली. आधीचं झाड बघून गफूरचाचा तिला म्हणाले होते, "ह्यो माझ्या पदरात घालतोय पोरींना? त्यांचा बाप कुटं हाय?" मी ओळ परत घातली. एक टॅब, मुबारक. त्याच्यापुढचा शब्द या खेपेला मलाच टाइप करावा लागला. खाली दोन टॅब, शमा. दोन टॅब, नाझनीन. तीनदा तपासलं. मग चौथ्यांदा.

शमा सांगत होती, दुकानातल्या कीबोर्डवर टॅबच्या कळीचं अक्षर पार पुसून गेलंय, तिथं त्यांच्या बोटाएवढा खळगा पडलाय. धाकटी नाझनीन तिथं कुणाला हात लावू देत नाही.

भाई, दिवाळीच्या सुट्टीत येतो. त्या कळीवर नाझनीनचं बोट ठेवून तिला मोकळी जागा वाचायला शिकवतो. तुमचं माझ्यावरचं ऋण कधीतरी फेडीन, हे नक्की. फक्त 'उद्या बघतो' असं आता कुणालाच म्हणणार नाही.