मधलं नाव

पार्सिपनीत आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे सरकारी लिफाफा आला की तो आधी फॉर्मकाकांच्या टेबलावर जायचा. खरं नाव विलास, पण फॉर्म भरायची हौस दांडगी. चष्मा पुसून, बाही सरसावून बसायचे. "सूचना वाचल्यास का? कुणीच वाचत नाही!" मला तर बाई वैताग यायचा.

अख्ख्या बिल्डिंगचे फॉर्म भरले, पण काकांची ग्रीन कार्डची रांग काही सरकली नाही. लेक सायली एकवीस वर्षांची झाली आणि नियमाप्रमाणे बापाच्या व्हिसावरून उतरली. शिकायला जर्मनीला गेली. काकांचा व्हिसा असा लटकलेला, की बाहेर पडलं तर परत आत घेतील याची खात्री नाही. त्यामुळे भेटायला जायचीही सोय नव्हती. "निदान तिचे फॉर्म तरी मी भरतो," म्हणायचे.

तिकडे एका देशातली मुलं सहा महिने दुसऱ्या देशात शिकून येतात, मार्क आपल्याच डिग्रीत धरले जातात. सायलीची स्पेनसाठी निवड झाली. पोरगी हरखून गेली होती. काकांनी फॉर्म भरला आणि नावाच्या रकान्यात लिहिलं, सायली विलास. पासपोर्टवर आडनावाआधी नुसतं सायली! "अगं, पूर्ण नाव मागितलंय. बापाच्या नावाशिवाय पूर्ण कसं होईल?" काका मला म्हणाले. आपण शाळेपासून असंच लिहितो. मीही तेच लिहिलं असतं.

जर्मनीच्या यादीत सायली, स्पेनच्या फॉर्मवर सायली विलास. कॉम्प्युटरला त्या दोन वेगळ्या मुली वाटल्या. काकांनी ईमेल केले, ऑफिसला निघायच्या आधी रोज स्पेनला फोन लावले. तिथली बाई गोड बोलायची आणि थांबायला सांगायची. थांबता थांबता मुदत संपली आणि जागा वेटिंग लिस्टवरच्या मुलीला गेली.

सायलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "इट्स ओके, बाबा," एवढंच म्हणाली.

"भांडली असती तर बरं झालं असतं गं," काका मला म्हणाले. "माझंच नाव पोरीला आडवं आलं." इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज करायला घेतला. या वेळी स्वतः भरला, काकांना फक्त बघायला पाठवला. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"तूच बघ. माझं नाव चुकून कुठे आलं नाही ना, तेवढं बघ."

मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. "नाही काका, कुठेच नाही."

"बरं झालं," काका म्हणाले. "पाठव म्हणावं तिला."